कार्डे ओवू नयेत असे कुठे लिहिले आहे?

परिपत्रकाला उत्तर देऊ नये असा कोणताही कायदा या देशात नाही. आमच्या प्राचार्यांना मी हे अनेकदा सांगितले, आणि प्रत्येक वेळी ते चष्मा काढून, डोळे मिटून विचारीत, "मान्य. पण प्रत्येकाला?"

होय, प्रत्येकाला. ज्या परिपत्रकाखाली कुणाची सही नाही, ज्यात 'तातडीने' हा शब्द आहे परंतु तारीख नाही, ज्यात आम्ही काय करावे ते सांगितले आहे परंतु कोणत्या अधिकारात ते सांगितले जात आहे याचा उल्लेख नाही, त्याला उत्तर दिले नाही तर ते आम्ही मान्य केले असा अर्थ निघतो. मौन म्हणजे संमती हे तत्त्व लग्नाच्या बोलणीत चालत असेल. विद्यापीठाच्या कारभारात ते घातक आहे.

त्या काळात मी सोलापुरातल्या एका कॉलेजचा प्रबंधक होतो. कायद्याची पदवी घेतली होती, सनद मात्र घेतली नव्हती. कोर्टात संतापायचे तर आधी अशील लागतो. कॉलेजच्या कचेरीत ती अडचण नव्हती; संतापाची कारणे रोजच्या टपालाने घरपोच येत.

दुष्काळाच्या आठवणी अजून ताज्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या विद्यापीठाने ठरवले की यापुढे पदवी परीक्षांचे निकाल कॉम्प्युटर लावील. हा कॉम्प्युटर आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या एसटी प्रवासाइतका लांब, विद्यापीठाच्या आवारातील एका थंड खोलीत होता. आमच्यापैकी कोणीही तो पाहिलेला नव्हता, परंतु त्याची सेवा आम्ही करावयाची होती. पोस्टकार्डाहून लांब, पिवळसर, एक कोपरा कापलेली जाड कार्डे खोक्यांतून आमच्याकडे यायची. प्रत्येक विद्यार्थ्याचे एक कार्ड. त्यावर त्याचा बैठक क्रमांक बारीक चौकोनी छिद्रांनी आधीच पाडलेला. कॉलेजने इतकेच करायचे, की अंतर्गत परीक्षेचे गुण पेन्सिलीने ठरलेल्या चौकटी काळ्या करून भरायचे आणि कार्डे होती त्याच क्रमाने परत पाठवायची. पुढचे काम यंत्र पाहील, असे परिपत्रकात म्हटले होते.

"हे तुम्हीच पाहा," प्राचार्य मला म्हणाले. "तुम्हाला नियम आवडतात."

"मला नियम आवडतात हे खरे नाही, सर. नियमांशिवाय चाललेली अरेरावी मला आवडत नाही."

"तेच ते," असे म्हणून त्यांनी खोके माझ्याकडे सरकवले आणि मी यंत्रयोजनेचा समन्वयक झालो.

कार्डांबरोबर सूचना होत्या. कार्डांना घडी घालू नये. टाचणी, तार वा गोंद लावू नये. कार्डे ओली होऊ देऊ नयेत. क्रम बिघडवू नये. या सूचना वाचून मी विद्यापीठाला सविस्तर पत्र लिहिले. यंत्राकडून चूक झाल्यास विद्यार्थ्याने अपील कोणाकडे करावे, यंत्राने दिलेला निर्णय कोणाचा निर्णय मानावा, आणि त्यावर सही कोणाची असेल, अशी माझी पृच्छा होती. उत्तर एका ओळीचे आले: 'यंत्र चुकत नाही.' त्या ओळीखालीही सही नव्हती. यंत्र चुकत नाही असे सांगण्याची जबाबदारी घेणारा एकही माणूस त्या विद्यापीठात नव्हता!

ही सगळी पत्रे टंकित करण्याचे काम आमच्या कचेरीतील टायपिस्ट बाईंकडे असे. त्या पूर्व भागात राहत. घरी वडिलांचे चादरीचे माग होते, घरात तेलुगू बोलत, आणि आमच्याशी सोलापुरी मराठीत. मागांच्या खडखडाटात लहानाच्या मोठ्या झालेल्या बाईंना टाइपरायटरचा आवाज म्हणजे शांतताच वाटत असावी, कारण कचेरीत एवढी ठाम बसलेली दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही. मी मजकूर सांगायचा आणि त्यांनी बडवायचा, असा रिवाज होता. परंतु त्या नुसत्या बडवीत नसत.

"साहेब, 'निर्लज्ज' दोनदा आलंय. एक काढू का?"

"नको. दोन्ही असू द्या."

"दोनदा लिहून लाजणार हायत का ते?"

मग मी एक काढण्यास परवानगी देई.

कचेरीत काम करता करता बाई आमच्याच कॉलेजात सकाळच्या वर्गांना बसून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचल्या होत्या. त्या वर्षी नातेपुत्याच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवण्याच्या जागेसाठी त्यांनी मुलाखत दिली आणि त्यांची निवड झाली. निवडीच्या पत्रात एक अट होती. शाळा जूनमध्ये ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी पदवी परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा पुरावा हजर करावा. तसे न झाल्यास प्रतीक्षा यादीतील पुढच्या उमेदवारास बोलावले जाईल. त्यांनी ते पत्र मला वाचायला दिले. अट निःसंदिग्ध होती. तिच्यात पळवाट नव्हती. मी बारकाईने शोधली.

"म्हणजे आम्हाला सोडून जाणार तुम्ही," मी म्हणालो.

"तुमची वाक्यं बडवून बोटं झिजली की साहेब. आता पोरांना नकाशे दाखवते. नकाशात 'सबब' नसतं, 'तथापि' नसतं. नदी निघाली की समुद्राला जाते, विषय संपला."

बाई स्वतः परीक्षार्थी असल्याने एक तात्त्विक प्रश्न उभा राहिला होता. कार्डांचे काम माझ्या कचेरीत, आणि कचेरीत हात चालणाऱ्या त्या एकट्या. परंतु स्वतःच्या प्रकरणात कोणी निवाडा करू नये, त्या निवाड्याचे कागदही हाताळू नयेत, हे न्यायाचे मूलतत्त्व आहे. मी लेखी आदेश काढला: इतरांची कार्डे बाई हाताळतील, त्यांचे स्वतःचे कार्ड केवळ प्रबंधक हाताळतील. हा आदेश त्यांनीच टंकित केला, आणि 'केवळ' खाली रेघ मारायची का असे विचारले.

मेचा पहिला आठवडा होता. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको; ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही. प्राचार्यांच्या खोलीला वाळ्याचे ओले पडदे होते, परंतु ओलाव्यामुळे तेथे कार्डे ठेवता येत नव्हती. माझ्या खोलीत एक पंखा होता. पंखा बंद करावा तर कार्डांवर वाकून गुण भरणाऱ्या प्राध्यापकांच्या कपाळाचा घाम टपकून कार्डे ओली होत, आणि ते सूचनेविरुद्ध होते. पंखा चालू ठेवावा तर कार्डे उडून क्रम बिघडे, आणि तेही सूचनेविरुद्ध होते. ज्याने या सूचना लिहिल्या तो थंड खोलीत बसला होता हे उघड होते. थंड खोलीत बसून उष्ण प्रदेशांसाठी नियम करण्याची ही खोड इंग्रजांबरोबर गेली असा माझा समज होता.

आणि मग एका दुपारी इतिहासाच्या प्राध्यापकांनी येताना दार सताड उघडले. पंखा वरून आणि वारा समोरून, अशा दोन्ही बाजूंनी सापडलेली कार्डे उठली आणि व्हरांड्यातून थेट सायकल स्टँडपर्यंत गेली. शिपाई, ग्रंथपाल, मी आणि फी भरायला आलेले दोन विद्यार्थी, असे आम्ही सगळे वाकून वाकून बी.ए.चा वर्ग गोळा करीत होतो. सगळी कार्डे मिळाली, परंतु क्रम पार विस्कटला. तो पुन्हा लावण्यात संध्याकाळ गेली, आणि त्यानंतर मी सूचनांतील परस्परविरोधावर पत्राचा मजकूर सांगू लागलो.

बाईंनी तो अर्ध्यावर थांबवला. "पत्र उद्या, साहेब. उद्या मी सुई-दोरा आणते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच सुई आणि घरच्या मागावरचा पिळाचा दोरा आणला, आणि मला जे समजावले ते असे. चादरीवर मोर किंवा कमळ उमटते ते मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जकार्डामुळे. नक्षीच्या प्रत्येक ओळीसाठी छिद्रे पाडलेला एक पुठ्ठा असतो. असे शेकडो पुठ्ठे एकापुढे एक, दोन्ही कडांनी दोऱ्याने ओवून त्यांची लांबलचक साखळी करतात. त्यांतला एक जरी मागेपुढे झाला तर मोराची मान शेपटीतून निघते. म्हणून त्यांच्या घरी पुठ्ठे सुटे कधीच ठेवीत नाहीत. सुटा पुठ्ठा ठेवणाऱ्याला शिव्या बसतात.

"ह्या कार्डांच्या डाव्या कडेला बघा, कॉलेजचा नंबर. सगळ्यांचा एकच, म्हणजे भोकं एकाच जागी. उजव्या कडेला परीक्षेचा नंबर, तोही एकच. दोन्हीकडून दोरा ओवला की झाली साखळी. मग पंखाच काय, वावटळ आली तरी क्रम हालत नाही."

"परंतु सूचनांचे काय?"

"घडी घालू का म्हणाले? नाही म्हणाले. टाचणी नको, तार नको, गोंद नको. दोरा नको असं कुठं लिहिलंय? आणि भोकं त्यांनीच पाडलीत की. आपण नवीन एक तरी पाडतोय का?"

हा युक्तिवाद मला निर्दोष वाटला. आजही वाटतो. निषिद्ध गोष्टींची यादी जेव्हा कायदा स्वतः देतो, तेव्हा त्या यादीत नसलेली गोष्ट निषिद्ध नसते. मी परवानगी दिली.

दोन दिवसांत बाईंनी सगळे वर्ग ओवले. साखळी भात्यासारखी घड्या पडून खोक्यात बसे. प्राध्यापकांनी ती एका बाजूने ओढायची, गुण भरायचे, दुसऱ्या बाजूने सोडायची. काम इतके झरझर चालले की प्राचार्य मुद्दाम पाहायला आले.

"हा हार कुणासाठी?" त्यांनी विचारले.

"निकालाला घालणार आहोत, सर," बाई म्हणाल्या.

बी.ए.च्या साखळीत त्यांच्या स्वतःच्या कार्डाची पाळी आली तेव्हा त्या खुर्चीवरून उठल्या, हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि मला हाक मारली. माझा आदेश होता, तेव्हा ओवणे मलाच भाग होते. मी जन्मात सुई हातात धरली नव्हती.

"वरून घाला. खालून काढा. तिकडं नाही साहेब, ते माझ्या नंबराचं भोक हाय, कॉलेजचं त्याच्या डावीकडं. हां. आता ओढा. एवढं नको, फासावर देताय का मला?"

"तुम्ही सूचना देणे हेसुद्धा हाताळणेच होते का, याचा मी विचार करीत आहे."

"करा की. तोवर मी उभीच हाय."

शेवटी ते कार्ड ओवले गेले. खोक्यांना लाख लावून, सोबत पत्र जोडून आम्ही ती रवाना केली, आणि कॉलेजात काही दिवस खरोखर उन्हाळ्याच्या सुटीची शांतता नांदली.

विद्यापीठाचे उत्तर महिना संपता संपता आले. टपाल बाई फोडीत. त्यांनी ते वाचले, माझ्यासमोर ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या.

"नातेपुतं गेलं, साहेब."

पत्रात म्हटले होते की आपल्या महाविद्यालयाची कार्डे दोऱ्याने ओवलेली असल्याने यंत्रास अयोग्य आहेत; ती सर्व कोऱ्या कार्डांवर छिद्रे करून नव्याने पाडावी लागतील; ते काम इतर सर्व महाविद्यालयांचे निकाल लागल्यानंतर हाती घेण्यात येईल. म्हणजे जुलै, कदाचित ऑगस्ट. नातेपुत्याची शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडणार होती.

"माझ्याच हातानं ओवलं की मी," बाई म्हणाल्या. "घरात सांगू कसं?"

मी इतका संतापलो की पाणी पिऊन मग मजकूर सांगायला सुरुवात केली. निषेधांच्या यादीत ओवणे नाही. छिद्रे विद्यापीठाचीच आहेत. कार्डांचा क्रम अखंड राखून आम्ही सूचनेचे तंतोतंत पालन केले आहे. संदिग्ध नियमाचा फायदा नेहमी ज्याला तो लागू करायचा त्याला मिळतो, करणाऱ्याला नाही. (पुढच्या वर्षीच्या सूचनांत 'कार्डे दोऱ्यात ओवू नयेत' हे कलम आले. म्हणजे त्या वर्षी ते नव्हते, हे विद्यापीठाने स्वतःच कबूल केले. या मुद्द्यावर मी त्यांना वेगळे लिहिले.) तिसऱ्या पानावर टाइपरायटरचा आवाज थांबला.

"साहेब, पत्र लई छान झालंय. पण ह्याला उत्तर येईपर्यंत नातेपुत्याची पोरं सहामाही देतील. तुम्हाला तोंडानं बोलता येत नाही का?"

"तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही."

"पुरावा नको मला. निकाल पाहिजे."

पुढच्याच दिवशी आम्ही पहाटेची एसटी धरली. बाईंच्या आईही बरोबर आल्या. मुलीचा निकाल कुठे अडकला आहे ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते, आणि मुलीला एका चिडक्या साहेबाबरोबर एकटे पाठवायचे नव्हते. दोन्ही कारणे मला रास्त वाटली. त्यांच्या मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे गाठोडे होते, आणि बसच्या प्रत्येक धक्क्याला त्या आधी गाठोडे आणि मग स्वतःला सावरीत.

विद्यापीठाच्या यंत्रखोलीत बाहेर ऐन उन्हाळा असताना माणसे स्वेटर घालून वावरत होती. विभागाचे प्रमुख एक किडकिडीत तरुण गृहस्थ होते. मी नाव सांगताच ते खुर्चीतून अर्धे उठले.

"ती चार-चार पानी पत्रं तुमची?"

"होय. आणि त्यांची उत्तरे एकेका ओळीची, ती तुमची का?"

"माझीच. तुमची पत्रं आम्ही जपून ठेवलीत. नवा माणूस आला की वाचायला देतो. कंटाळा जातो त्याचा."

माझ्यामागे बाई हसल्या. मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्या छताकडे पाहत होत्या.

प्रमुखांनी आम्हाला यंत्राचे तोंड दाखवले. कार्डे तेथून आत जात. आमची साखळी आली तेव्हा त्यांनी दोरा कापून काही कार्डे घालून पाहिली होती. छिद्रांत अडकलेल्या सुताचे तंतू आत गेले आणि यंत्र थांबले. ते साफ करण्यात त्यांचा अख्खा दिवस गेला होता. "तुमच्या सोलापूरनं माझ्या यंत्राला चादर पांघरली," ते म्हणाले. "नवीन कार्डं पाडायला हरकत नाही हो माझी. पण पाडणाऱ्या दोन मुली. एक बाळंतपणाच्या रजेवर. दुसरीपुढं अजून कॉमर्सचा ढीग आहे. मी तरी काय करू?"

यात मला कायदेशीर आक्षेप घेण्यासारखे काही सापडेना, आणि त्यामुळे मी अधिकच अस्वस्थ झालो.

बाईंच्या आई एवढा वेळ यंत्राभोवती फिरून पाहत होत्या. "ह्यो कसला माग?" त्यांनी प्रमुखांना विचारले. "भोकं दिसतात, कापड कुटं दिसत नाही."

"कापड नाही मावशी. यातून निकाल निघतो."

"मग बसतो की आमी," असे म्हणून त्या भिंतीशी मांडी घालून बसल्या. "निघू दे."

बाई मात्र कार्डे पाडण्याच्या टेबलाशी उभ्या होत्या. तेथे टाइपरायटरसारख्याच कळा होत्या. "हे तर माझंच काम की," त्या म्हणाल्या. "ती खुर्ची रिकामीच हाय. आमच्या कॉलेजची कार्डं मी पाडते."

प्रमुखांचे डोळे चमकले. "येईल?"

"थांबा," मी म्हणालो.

तिघांनीही माझ्याकडे पाहिले. मला ते सांगणे आवडत होते असे नाही, परंतु सांगणे भाग होते. "या बाई त्याच परीक्षेला बसलेल्या आहेत. ज्या वर्गाच्या गुणांची कार्डे पाडायची त्याच वर्गात त्या आहेत. उद्या कोणी हरकत घेतली तर निकाल रद्द होईल, आणि निकाल रद्द झालेली शिक्षिका नातेपुत्यात कोणी ठेवणार नाही."

"साहेब!" बाई म्हणाल्या. त्या एका शब्दात मी आजवर सांगितलेल्या सगळ्या मजकुरांचा सूड होता.

त्यांच्या आईंनी प्रमुखांना विचारले, "ह्ये गृहस्थ आमच्या बाजूचे हायत का तुमच्या?"

"मलाही कळेना, मावशी," ते म्हणाले. "मग काय करता? परत नेता खोकी?"

मी त्या दोन टेबलांकडे पाहिले. एकाशी विद्यापीठाची मुलगी कॉमर्सचा ढीग उपसत होती, दुसरे रिकामे होते. आणि उपाय इतका सरळ होता, की तो सुचायला मला इतका वेळ लागावा याचाच राग आला. "अदलाबदल करा. कॉमर्सच्या परीक्षेशी बाईंचा काहीही संबंध नाही. तुमच्या मुलीपुढचा ढीग बाईंना द्या. आणि आमची बी.ए.ची कार्डे तुमच्या मुलीला. दोन्ही कामे होतील आणि कोणीही स्वतःच्या कार्डाला हात लावणार नाही."

प्रमुखांनी कॉमर्सचा ढीग रिकाम्या टेबलावर सरकवला. "तुम्ही वकिली का नाही केलीत हो?"

"केली असती तर तुमच्यावर दावा लावला असता."

बाई खुर्चीवर बसल्या. पहिली काही कार्डे वाया गेली, कारण टाइपरायटरवर चुकले की खोडरबर घेण्याची त्यांना सवय होती. विद्यापीठाची मुलगी त्यांना म्हणाली, "अगं बाई, भोक खोडता येतं का कधी? फेक ते. नवीन घे." मग त्यांचा हात बसला. बाईंच्या आई आणि मी बाहेर उन्हात, झाडाच्या कट्ट्यावर बसलो. शेंगाचटणीला यंत्रखोलीत बंदी होती. थोड्या वेळाने प्रमुख स्वतःच बाहेर आले, स्वेटर काढला, आणि भाकरी कडाकडा मोडीत म्हणाले, "ही कार्डासारखीच आहे की. घडी घालू नये."

"हिला ओवता बी येत नाही," बाईंच्या आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची कार्डे यंत्रात गेली. कार्डांची गड्डी फरफर करीत नाहीशी झाली, आणि दुसऱ्या टोकाला हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा लांब कागद खडखडाट करीत बाहेर येऊ लागला. बाईंच्या आई उठून जवळ गेल्या. आवाज घरचाच होता. बाई मात्र दाराशी जाऊन पाठ फिरवून उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे निकाल जाहीर होईपर्यंत तो कागद मलाही पाहता येत नव्हता, म्हणून मीही त्यांच्या शेजारी पाठ फिरवून उभा राहिलो.

"बघा की तुम्ही तरी," त्या पुटपुटल्या.

"नियम आहे."

"नियम हाय तर घामानं का भिजलाय, ह्या थंडीत?"

परीक्षा नियंत्रकांनी पुढच्या दिवशी आमचा निकाल इतरांबरोबर जाहीर केला. बाई दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्या होत्या. भूगोलात उत्तम, इंग्रजीत जेमतेम. त्यांच्या आईंनी प्रमुखांची दृष्ट काढून कडाकडा बोटे मोडली, आणि त्यांना काय करावे ते कळेना.

परंतु काम संपले नव्हते. गुणपत्रिका छापून यायला महिना लागणार होता, आणि नातेपुत्याला पुरावा हवा होता. सूचनाफलकासाठी आमची प्रत मिळाली, तिच्याखालची कार्बन प्रत मी मागितली. प्रमुखांनी ती फाडून दिली. मी ती त्यांच्यासमोर परत ठेवली.

"सही."

"यंत्राच्या कागदावर सही कोण करतं?"

"यंत्र चुकत नाही असे जो लिहितो तो."

त्यांनी पेन उघडले, बंद केले, कागद पुन्हा वरून खालपर्यंत वाचला, सहायकाकडून कार्डांची गड्डी मागवून काही कार्डे कागदाशी ताडून पाहिली, आणि मग सही केली. त्या विभागातून निघालेल्या कागदावरची ती पहिली सही असावी. मी त्यांना मनापासून नमस्कार केला. त्यानंतर आमचा पत्रव्यवहार चालूच राहिला, परंतु माझ्या पत्रांतून 'निर्लज्ज' हा शब्द गेला.

बाई नातेपुत्याला गेल्या त्या दिवशी मी त्यांच्याजवळ मुख्याध्यापकांसाठी पत्र दिले. यंत्राच्या कागदाचे कायद्यातील स्थान त्यात विशद केले होते. तेथे काय झाले ते त्यांनी महिन्याअखेर कचेरीतले आपले सामान न्यायला आल्यावर सांगितले, टेबलावर बसून, पाय हलवीत. आता त्या आमच्या कर्मचारी नव्हत्या.

मुख्याध्यापकांनी आधी माझे पत्र उघडले, दोन पाने वाचली आणि विचारले, "हे तुमच्यावर काही खटला चालू आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांनी पत्र बाजूला ठेवले आणि पट्ट्यांचा कागद टेबलावर पसरला. तो टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबला. त्यांना त्यात काही सापडेना. बाईंनी आपल्या क्रमांकावर बोट ठेवले. त्यांनी तो आकडा पाहिला, खालची सही पाहिली, आणि मग वरच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "ही कोण?" "वर्गातली मैत्रीण." "इंग्रजीत गेली वाटतं. आणि हा?" असे करीत करीत त्यांनी आमचा बी.ए.चा सगळा वर्ग वाचून काढला, कोण कशात गेले ते विचारून हळहळले, चहा मागवला, आणि शेवटी कागदाची गुंडाळी करीत म्हणाले, "आठवीच्या वर्गाला अर्धा तास झाला गुरुजी नाहीत. जा की तुम्ही." त्यांनी हजेरीपत्रक पुढे केले, बाईंनी सही केली, आणि त्या वर्गावर गेल्या.

ऐकून मला आनंद झाला हे मी नाकारीत नाही. परंतु एका अनोळखी मुख्याध्यापकाने, कोणताही अधिकार नसताना, आमच्या साऱ्या विद्यार्थ्यांचे गुण चहा पीत वाचावेत, ही गोष्ट गंभीर होती. बाईंची बस सुटल्यावर मी कचेरीत परत आलो, निषेधाचे पत्र मनात जुळवले, पहिले वाक्य मोठ्याने सांगितले, आणि समोरची खुर्ची रिकामी असल्याने तेथेच थांबलो.